पहिलं खोटं पान

कुमुद : ...आणि हे घे तुझ्या कलेक्टरसाहेबांचं आत्मचरित्र. पुन्हा कुणाला देऊ नकोस. निदान माझ्या ओळखीतल्या कुणाला तरी नको.

हेतल : काकू, परवाच तर नेलंत! केवढं जाडजूड आहे ते. वाचून झालं पण?

कुमुद : जाड असलं म्हणून काय झालं? पुरीसुद्धा टम्म फुगते, आत काय असतं? वारा. आणि पुस्तक हातात धरून आठवडाभर रेंगाळणारी माणसं मला नाही आवडत. पानातलं जेवण गार करून जेवणाऱ्यांसारखी.

हेतल : पण यात आवडलं नाही काय तुम्हाला?

कुमुद : अख्ख्या नोकरीत हा माणूस म्हणे एकदाही शिपायावर ओरडला नाही. अगं, मी टेलिफोन एक्स्चेंजला जन्म काढला. असल्या साहेबांचे ट्रंक कॉल जोडून दिलेत मी. कोण कुणाशी कुठल्या पट्टीत बोलतं, हे मला नका शिकवू म्हणावं.

हेतल : मेंबर्सना तर जाम आवडलंय. वेटिंग आहे त्याला.

कुमुद : वेटिंग काय, दवाखान्यात पण असतं.

वरद : आई, झालं का? डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे. आणि मी गाडी रस्त्यातच लावून आलोय.

कुमुद : मग गाडीत जाऊन बस. आईचा पदर धरून लायब्ररीत यायचं वय गेलं तुझं. केस पिकायला लागले.

हेतल : बस रे वरद. लहानपणी इथेच फरशीवर लोळत पडायचास, माझ्या पप्पांना तुझ्यावरून उडी मारून जावं लागायचं. पंखा वाढवते. काकू, आणि ते नटीचं?

कुमुद : ती बरी आहे गं. खोटं बोलते, पण हसत हसत बोलते. एका ओळीत सांगते, मला कधी कुणाचा हेवा वाटला नाही. आणि पुढचं अख्खं प्रकरण दुसरीच्या साड्यांवर! मला आवडली. आत्मचरित्रात माणूस खोटं बोलणारच. कुठल्या पानापासून बोलायला लागतो, एवढंच बघायचं.

हेतल : विनायककाकांचा खेळ.

कुमुद : खेळ कसला, ऑडिट. ऑडिट ऑफिसातून रिटायर झाले, पण हाताची खाज काही गेली नाही.

हेतल : पप्पा किती चिडायचे! विनायकभाई, चोपडीत पेन्सिल नाही चालवायची, बाकीचे मेंबर काय म्हणतील? आणि काका शांतपणे सांगायचे...

कुमुद : आत्मचरित्रात पहिलं खोटं शोधायचं, कादंबरीत पहिलं खरं. बाकीचं भरताड. त्यांनी आधी वाचायचं, आणि सापडेल तिथे हिरव्या पेन्सिलीने टिक करायची. मग मी. मला सापडेल तिथे मी टिंब द्यायची, काजळपेन्सिलीने. माझ्या उशाशी लिहायला दुसरं काही नसायचं. त्यांची टिक एका पानावर, माझं टिंब भलत्याच पानावर. मग भांडण.

वरद : आमटीला साय धरेपर्यंत. मला वाटायचं सगळ्यांचे आईबाप पुस्तकांवरूनच भांडतात.

हेतल : आणि दोघांचं एकाच पानावर आलं तर?

कुमुद : तर भेळ. वडाळे तळ्यावर जाऊन, बाकावर बसून. पण ते क्वचित. शेवटचं एकमत झालं त्याच संध्याकाळी तर...

वरद : आई, नको ना ते आता.

कुमुद : का नको? झालंय ते झालंय. शेवटचं एकमत झालं, आम्ही तळ्यावर गेलो. हे बाकावर बसले, पुस्तक मांडीवर. मी गाडीवर गेले भेळ आणायला. यांना कांदा कमी लागायचा. ते सांगायचं विसरले म्हणून भैयाला परत करायला लावली, तेवढाच काय तो उशीर. परत आले, म्हटलं, हं, धरा. तर हात पुढे केलाच नाही. तसेच बसलेले. तळ्याकडे बघत.

हेतल : काकू...

कुमुद : ती भेळ मी घरी आणली. रात्री मऊ पडली आणि मग टाकली. जाऊ दे. मी सांगत काय होते? हां. हेतल, ते कलेक्टरचं उघड बघू. अगदी पहिलं पान. अर्पणपत्रिका वाच.

हेतल : "माझ्या पत्नीस, जिच्यावाचून यातलं काहीच शक्य नव्हतं."

कुमुद : आणि पुस्तकभर ती बाई एकदाच येते. चहाचा ट्रे घेऊन. आता त्या ओळीच्या शेजारी बघ.

हेतल : ...काकू.

कुमुद : दिसली ना?

हेतल : हिरवी आहे. आणि शेपटावर छोटी आडवी रेघ.

कुमुद : कुणी नंतर फेरफार करू नये म्हणून ती रेघ. त्यांच्या साहेबांनी शिकवलेली. तशी टिक करणारा दुसरा माणूस मी बघितला नाही.

हेतल : पण हे पुस्तक यंदाच्या दिवाळीत आलंय. मीच कव्हर घातलं त्याला. आणि काका जाऊन तर...

कुमुद : दोन वर्षं होतील.

वरद : झालं! हेतल, आता कळलं मी का सुट्टी टाकून आलोय ते? फोनवर रोज हेच. आज या पुस्तकात टिक, उद्या त्या पुस्तकात टिक.

कुमुद : मग असली तर सांगू नको? नटीच्या पुस्तकात आहे, बरोब्बर त्या हेव्याच्या ओळीवर. आणि ती कादंबरी, हेतल, टॉवरमधल्या कुटुंबाची.

हेतल : ती मला पण बोअर झाली.

कुमुद : बोअर नाही, भरकटलेली. पाच पानांत आटपणारी गोष्ट रबरासारखी ताणलीय. नायिका खिडकीत उभी राहते ती उभीच. बाई, बस की जरा! सगळी पात्रं जाहिरातीतल्यासारखी बोलतात. पण मधेच एक ओळ आहे. सासूचे दिवस झालेत, पाहुणे गेलेत, सून स्वयंपाकघरात जाते. "तिने दोन ताटं घेतली, मग एक परत ठेवलं." तिथे टिक. पहिलं खरं.

हेतल : ओळ चांगली आहे.

कुमुद : चांगली आहे म्हणूनच तर काटा आला अंगावर. मी पुस्तक मिटलं, उठले, म्हटलं आपणही जेवून घ्यावं. बघते तर टेबलावर दोन ताटं. मी एकच काढलं होतं.

वरद : तूच काढलीस आई. इतक्या वर्षांची सवय आहे हाताला.

कुमुद : असेल. ते मी मान्य करते. पण दुसऱ्या ताटाच्या कडेला कांदा काढून ठेवला होता. बारीक चिरलेला, भाजीतून वेचून. ती माझी सवय नाही.

हेतल : काकू, नका ना असं सांगू. मला दुपारी इथे एकटीला बसायचं असतं.

वरद : हेतल, तू घरची आहेस म्हणून स्पष्ट बोलतो. आई विसरायला लागलीय. बाबांची हिरवी पेन्सिल अजून त्यांच्या टेबलावर आहे, छान टोक केलेली. मी स्वतः बघितली. तू पुस्तक देतेस, आई घरी नेते, वाचते, बाबा करायचे तशी टिक करते आणि नंतर तिला ते आठवत नाही. इतकं सिंपल आहे. मुद्दाम नाही करत ती. दुःखात होतं असं माणसाचं. आज डॉक्टर काय ते सांगतील, आणि मग उलव्याला माझ्याकडे. एकटीला मी आता ठेवणार नाही.

कुमुद : एकविसाव्या मजल्यावर. पडदा सारला की विमानाचं पोट दिसतं. आणि खाली बघावं तर नुसत्या क्रेन.

वरद : आई, गॅस चालू राहिला एखाद दिवशी तर? तू पडलीस तर? मला ऑफिसात सुचत नाही गं काही. फोन दोनदा वाजला आणि तू उचलला नाहीस की काम टाकून पुन्हा पुन्हा नंबर लावत बसतो मी.

कुमुद : ते कळतं मला. नाही असं नाही. पण डोकं फिरल्याचा शिक्का मारून मला नेऊ नकोस. यायचंच झालं तर मी माझ्या पायांनी येईन. आणि मला एक सांग, मी त्या घराला कुलूप लावलं तर तुझ्या बाबांनी वाचायचं कुठे?

वरद : ऐकलंस ना हेतल? हे असं.

कुमुद : बरं, मीच टिक करते म्हणतोस ना? मग मिठागरवालीच्या पुस्तकाचं काय? उरणकडच्या एका म्हातारीच्या आठवणी आहेत त्या. तिने सांगितल्या, मुलीने लिहून घेतल्या. इतकंसं पुस्तक, पण सोनं. "आमी रडलो नाय. डोल्यात आदीच मीठ हाय." असं लिहिते बाई, आणि लगेच पुढच्या कामाला लागते. यंदा वाचलेल्यात मला तेच एक आवडलं. त्यात टिक नाही.

वरद : मग?

कुमुद : मग काय? मला त्यात खोटं सापडलं होतं. नवऱ्याबद्दल लिहिताना ती एका ठिकाणी आवाज चढवते. प्रेमाने बोलणारं माणूस तसा आवाज चढवत नाही. टिक करणारी मी असते तर तिथे नक्की केली असती. पण नाही. यांना ती बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत खरी वाटलेली आहे. त्यावर मी दोन दिवस भांडले.

हेतल : कुणाशी?

कुमुद : यांच्या खुर्चीशी. आणि ते टोक पण मी करत नाही, वरद. सकाळी बशीत पेन्सिलीची साल पडलेली असते. तुझे बाबा गेले तेव्हा ती पेन्सिल चांगली वीतभर होती. आता बोटाएवढी राहिलीय. धरता येत नसेल नीट. मला तीच काळजी लागलीय.

वरद : आई, प्लीज.

हेतल : वरद, एक सांगू? रागावू नको.

वरद : आता तू पण?

हेतल : आधी मला पण तेच वाटलं, की काकूच करतात. म्हणून हल्ली मी पुस्तक द्यायच्या आधी सगळं चाळते. टिक असते. इथे, या काउंटरवर. काकूंनी पुस्तक बघितलेलं पण नसतं.

वरद : तू कधी सांगितलं नाहीस हे.

हेतल : कुणाला सांगू? एकदा मी मुद्दाम केलं. कर्नाळ्याला पक्षी बघायला जाणाऱ्या एका साहेबांचं पुस्तक काकूंसाठी काढून ठेवलं होतं. उघडून बघितलं, टिक. म्हटलं, हे नको द्यायला. ते ठेवलं आणि कपाटातून दुसरंच ओढलं. त्याच्यात पण टिक. मग पहिलं परत उघडलं. वरद, त्याच्यातली गेली होती.

वरद : तू घाबरली होतीस. पुस्तकं बदलली असतील.

हेतल : असेल बाबा. त्या दिवसापासून मी दुपारचा दिवा बंद करत नाही, एवढं खरं.

वरद : कुणीतरी मेंबर मस्करी करतोय. आईचं कार्ड, आईची आवड, सगळं माहीत असलेला कुणीतरी आगाऊ माणूस. सापडू दे मला.

कुमुद : मग आत्ताच काय तो सोक्षमोक्ष लावू. हेतल, सकाळी पार्सल आलंय म्हणालीस ना?

हेतल : ते काय, खोका. चिकटपट्टी पण काढली नाही अजून. आत एकेक पुस्तक प्लास्टिकमध्ये सील असतं.

कुमुद : छान. वरद, खोका तू फोडायचास. पुस्तक तू निवडायचंस. आम्ही दोघी हात लावणार नाही. कोरं निघालं, तर मी डॉक्टरकडे येते, ते म्हणतील त्या गोळ्या घेते, आणि महिनाअखेर उलव्याला येते. पुन्हा टिक हा शब्द काढणार नाही.

वरद : आणि नाही निघालं तर?

कुमुद : तर मला माझ्या घरात राहू द्यायचं. आणि रोज दोनदा फोन करून, आई आज वार कोणता, असं विचारायचं नाही. मला कळत नाही असं वाटतं का तुला, का विचारतोस ते?

वरद : ...ठीक आहे. मान्य. हेतल, कात्री दे.

हेतल : ही घे. सगळी आत्मचरित्रंच आहेत वाटतं यात. पुण्याच्या प्रदर्शनातून मागवलीत.

वरद : मी वरचं घेणार नाही. मधलं पण नाही. अगदी तळातलं. हे. कुण्या प्राध्यापकाचं आहे. बायको गेल्यानंतरची वर्षं, असं काहीतरी पाठीवर लिहिलंय.

कुमुद : विधुर प्राध्यापक? मग मी न वाचता सांगते. चहा करायला शिकलो, असं एक प्रकरण असणार.

वरद : सील फोडू दे तरी.

[वरद नखाने प्लास्टिक फाडतो. पंख्याचा आवाज.]

हेतल : नवा वास कसा येतो बघ. शाईचा.

वरद : अर्पणपत्रिका. कोरी. प्रस्तावना, कोरी. अनुक्रमणिका... आई, आहे. "माझा पहिला चहा."

कुमुद : बघ! लोकांना वाटतं आपलं दुःख एकदम निराळं. मग लिहायला बसतात आणि सगळ्यांचं चहापासून सुरू होतं. पुढे बघ.

वरद : पानं एकमेकांना चिकटलेली आहेत अजून. कुणी उघडलेलंच नाही हे. लग्नाची हकीकत, कोरी. नोकरी, कोरी. बायकोचं आजारपण, कोरं.

कुमुद : आजारपणात पण नाही? सगळे तिथेच खोटं बोलतात. आपण किती सेवा केली ते सांगताना.

वरद : नाहीये आई.

कुमुद : नीट बघ. समासात, आतल्या बाजूला. ते कधी कधी आत करायचे.

वरद : बघतोय ना. निम्म्यावर आलोय. काही नाही. आई, हे बघ, मी जिंकायला नाही आलो. मला आनंद नाही होत यात.

कुमुद : नाही ना? राहू दे मग. बास.

हेतल : काकू, पाणी देऊ?

कुमुद : नको गं. म्हणजे मीच. पेन्सिल पण मीच, कांदा पण मीच. मी मनाला समजावत होते की कुणीतरी आहे. हेतल, ही पुस्तकं तू जमा करून घे. कार्डावर जे काही डिपॉझिट असेल ते राहू दे तुझ्याकडेच. उलव्याला काही लायब्ररी नसेल.

वरद : मी मागवून देईन तुला. हवी तेवढी. रोज एक. तू फक्त...

कुमुद : थांबलास का?

वरद : काही नाही.

हेतल : वरद, पान मिटू नकोस. काय झालं?

वरद : काही नाही म्हटलं ना.

कुमुद : वरद. वाच.

वरद : "गेलेलं माणूस परत येत नाही, हे मी आता स्वीकारलं आहे."

कुमुद : आणि?

वरद : आणि टिक आहे. हिरवी.

कुमुद : शेपूट?

वरद : आहे. रेघ पण आहे. हेतल, तू...

हेतल : माझ्याकडे बघू नकोस! खोका तू फोडलास, तळातलं तू काढलंस, सील तू फाडलंस.

कुमुद : अरे वा. म्हणजे चहा खरा होता तर. इथे पकडला त्याला. पण वरद, यात खोटं नेमकं कुठलं रे? परत येत नाही हे, की मी स्वीकारलं हे?

वरद : आई, तुला हसू कसं येतंय?

कुमुद : रडू? इतका वेळ मी वेडी ठरत होते, ते बरं होतं का? माणूस एकटं आहे म्हणून वेडं ठरतं, त्याच्यासारखं दुसरं दुःख नाही. आता कुणी काही म्हणू दे.

वरद : अजून एक आहे.

कुमुद : काय?

वरद : टिकेच्या शेजारी. काळं काहीतरी. छपाईचा डाग असेल. थांब... निघतंय. बोटाला लागलं.

हेतल : ओलं आहे?

वरद : ओलं नाही. चिकट. तेलकट असं.

कुमुद : बोट इकडे कर. आण इकडे. ...काजळ आहे.

हेतल : पण काकू, तुम्ही काजळ कुठे...

कुमुद : मोतीबिंदू काढला तेव्हापासून बंद आहे. डॉक्टरांनी सांगितलं आणि मी पेन्सिल टाकून दिली. आणि हे गेल्यापासून टिंबही दिलं नाही मी कुठे. दाखवायचं कुणाला?

हेतल : मग हे टिंब कुणी दिलं?

कुमुद : माझंच आहे. टोक टेकवून मी जरा फिरवते, त्यामुळे एका अंगाला पसरतं. असं माझंच पसरतं.

वरद : तू हे पुस्तक वाचलेलंच नाहीस, आई!

कुमुद : नाही. अजून नाही.

हेतल : अजून म्हणजे काय, काकू?

कुमुद : इतके दिवस नुसती टिक असायची गं. त्यांनी वाचून ठेवलेलं, मी मागाहून वाचायची. आज टिंब पण आहे. म्हणजे हे आम्ही दोघांनी वाचलेलं आहे. एकत्र बसून. आणि एकाच ओळीवर आलोय.

वरद : आई, गप्प बस.

कुमुद : एकमत झालंय आमचं.

वरद : आई! उलव्याचं राहू दे. डॉक्टर पण राहू दे, मी फोन करून सांगतो. आपण सरळ घरी जाऊ. मी आजपासून इथेच राहतो तुझ्याकडे. ऑफिसला इथून जाईन. पण तळ्यावर जायचं नाही. त्या बाजूला जायचंच नाही आता.

कुमुद : आज कशाला जाईन मी तळ्यावर? वेडा आहेस का? आधी पुस्तक वाचायला नको? न वाचता मत देणारी बाई वाटले का मी तुला?

वरद : मग वाचू नकोस! हेतल, हे कपाटात ठेव. कुलूप लाव. नाहीतर मी विकत घेतो, किती आहे किंमत? मी नेतो आणि फेकून देतो.

हेतल : काकू, हे मी देणार नाही तुम्हाला. दुसरं कुठलं पण न्या. पूर्ण खोका न्या.

कुमुद : हेतल, तुझ्या पप्पांनी मला कधी पुस्तक नाकारलं नाही. दंगल झाली तेव्हा अर्धं शटर उघडून दिलं होतं. आणि दुसरं नेऊन काय होणार आहे? तूच म्हणालीस ना, एक ठेवलं की दुसऱ्यात येतं.

हेतल : हो, म्हणाले.

कुमुद : मग? दे इकडे. माझ्या नावावर लिही. आणि रडू नकोस, कव्हर ओलं होईल.

हेतल : मी कव्हर घातलंच नाही अजून त्याला.

कुमुद : राहू दे तसंच. वरद, असा बघू नकोस माझ्याकडे. लहान होतास तेव्हा याच काजळाची तीट लावायची मी तुझ्या गालाला. खूप गोरा होतास. तळ्यावर नेलं की बायका वळून वळून बघायच्या. बोटाला लागलंय ना अजून? लाव गालाला.

वरद : नको.

कुमुद : लाव म्हणते ना. आई सांगतेय. ...हं. असं.

वरद : तुला भीती नाही वाटत?

कुमुद : वाटते की. रात्री त्या खुर्चीकडे बघायची भीती वाटायची, आणि ती रिकामी असेल याची त्याहून जास्त वाटायची. आता दोन्ही गेल्या. तुझी तेवढी वाटते. तू कांदा खाणार का नाही, तेही माझ्या आता लक्षात राहत नाही.

वरद : मी खातो आई. सगळं खातो.

कुमुद : मग आज कांदेपोहे करते. चल, गाडी उचलून नेतील तुझी. हेतल, पुढच्या वेळी त्या मिठागरवालीचं दुसरं कुठलं पुस्तक असेल तर बघून ठेव. तशी बाई पुन्हा वाचायला मिळायला हवी.

हेतल : ठेवते. काकू, पण तुम्ही याल ना पुढच्या वेळी?

कुमुद : हे संपलं की परत करायला यायला नको? किती पानं आहेत कोण जाणे. जाड दिसतंय. पण माझं काय गं, जाड असलं तरी दोन दिवसांत...

वरद : आई.

कुमुद : काय रे?

वरद : हे सावकाश वाच हं. खूप सावकाश.